जॉर्डन मोठा की त्रिकोण?

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या सगळ्यात हुशार पोराने पेपर टाकले. साहेब म्हणाले, "प्रोसेस पक्की असली की कुणावाचून अडत नाही." मला लगेच शिकागो बुल्स आठवले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'द लास्ट डान्स'चे दहाच्या दहा भाग पाहिल्यापासून मला कशावरूनही बुल्सच आठवतात, त्याला इलाज नाही.

तर मंडळी, पुरावा पहिला. एप्रिल १९८६, प्लेऑफची मॅच, बॉस्टन. मायकेल जॉर्डनने एकट्याने ६३ पॉइंट केले आणि बुल्स हरले! मालिकाही ३-० अशी गेली. म्हणजे नुसता स्टार पुरत नाही.

१९८९ मध्ये फिल जॅक्सन कोच झाले आणि त्यांचे सहायक टेक्स विंटर यांची 'ट्रँगल' पद्धत टीमने उचलली. सोपं करून सांगायचं तर तीन खेळाडू एका बाजूला त्रिकोण करतात आणि बचाव जिथे उघडा पडेल तिथे पास जातो. बास्केट कोण करणार हे आधी ठरलेलं नसतं. १९९१, ९२, ९३, लागोपाठ तीन विजेतेपदं!

खरी गंमत पुढे आहे. ऑक्टोबर १९९३ मध्ये जॉर्डन निवृत्त झाला. कोच तेच, पद्धत तीच. आदल्या सीझनला ८२ पैकी ५७ मॅच जिंकलेले बुल्स त्याच्याविना ५५ जिंकले. म्हणजे साहेबांचं बरोबर? थांबा. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सने त्यांना सात मॅचमध्ये घरी पाठवलं.

मला वाटतं, एरवी दर मॅचला समोर नवा संघ असतो, त्याला तुमचा अभ्यास करायला वेळच नसतो. प्लेऑफमध्ये तोच संघ सात-सात वेळा भेटतो. तुमची प्रत्येक चाल त्याला पाठ. चाल अडली आणि घड्याळात चार सेकंद उरले, की अंगावर माणूस असतानाही बास्केट करणारा लागतो.

पण त्यालाही सोबत लागतेच. १९९७ ची फायनल, सहावी मॅच, युटाशी बरोबरी, शेवटची काही सेकंदं. जॉर्डनवर दोघं धावून आले. त्याने मोकळ्या स्टीव्ह करला पास दिला, करने बास्केट केलं, विजेतेपद खिशात. जॉर्डन होता म्हणून कर मोकळा राहिला. आणि कर डगमगला नाही, कारण त्या पद्धतीत चेंडू एरवीही त्याच्याकडे यायचा.

इथे माझी गोची होते. लीड मी. अवघड बग आला की मी त्या पोरालाच द्यायचो, लवकर सुटायचा ना! बाकीचे सातची बस पकडायचे, तो रात्री बारापर्यंत बसायचा. आमचं १९८६ मीच घडवलं.

सध्या काम अडलेलं नाही, साहेब खूश आहेत. पण आमची प्लेऑफ, म्हणजे मोठं रिलीज, अजून यायचंय. सोमवारी पहिला अवघड बग टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला देणार आहे. वेळ लागेल. लागू दे.