कंबर दुखते, मग यंत्र कोणते?

भिशीचा नंबर यंदा आम्हाला लागला तेव्हा घरात आधी कपाटाचा विषय निघाला आणि मग व्यायामाच्या यंत्राचा. कपाट मागे पडले, कारण घरात दोन कंबरा दुखत होत्या. एक बारामतीच्या घरातली, दिवसभर उभ्याने शिकवून आणि बाकावर वाकून वह्या तपासून कुरकुरणारी. दुसरी इंदापूरला अम्मींची, सत्तरी ओलांडलेली. आम्ही दोघेही शिक्षक; दर शनिवारी बारामतीहून इंदापूरला पन्नासेक किलोमीटर एसटीने जातो, आणि मागची सीट मिळाली तर रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्यात मोजतो.

रमजान दोन महिन्यांवर आला होता. बारामतीच्या कंबरेला तरावीह उभ्याने पढायची होती. अम्मींची इच्छा त्याहून छोटी होती: मोहल्ल्याच्या कोपऱ्यापर्यंत न थांबता चालता यावे. कोपऱ्यावर त्यांच्या बहिणीचे घर आहे.

यंत्राकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे भाग आहे. कंबरदुखीबरोबर पायात जोर नसेल, बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर दुकानात नव्हे, दवाखान्यात जायचे, आणि तेही लगेच. आमच्या दोन्ही कंबरांची तपासणी आधीच झाली होती. बारामतीच्या कंबरेत खालच्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली. अम्मींच्या मणक्यातली नळी वयामुळे अरुंद झालेली. दोघींनाही डॉक्टरांनी सांगितले ते एकच, "पडून राहू नका, हालचाल ठेवा."

हा सल्ला त्या एका डॉक्टरांचाच आहे असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. सूचनांमध्ये व्यायामाला जागा आहे, पण आपल्याकडे घरोघरी खुंटीला टांगलेला कंबरेचा पट्टा नेहमीच्या उपायांत धरू नये असे म्हटले आहे. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्यांनी पट्टा काढला नाही, फक्त आमच्याकडे पाहिले. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ज्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू चालणे वाढवायला लावले, त्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी परतले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांचे ११२ दिवसांनी. म्हणजे सर्वांत स्वस्त यंत्र आपल्या पायातली चप्पल, किंवा खरे तर चांगला बूट.

मग चालतच का नाही? प्रश्न रास्त आहे. बारामतीत नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फज्रनंतर चालता येते आणि आम्ही चालतोही. पण इंदापूरच्या बाजूला गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेने वयस्कर बाईने चालावे असे आम्हाला तरी वाटत नाही. शिवाय अम्मी शंभर पावले चालल्या की पाय जड पडतात, आणि बसल्या की मोकळे होतात. पुढे वाकून कठड्याला टेकल्या तरी बरे वाटते. नळी अरुंद झालेल्यांचे हे नेहमीचे लक्षण. ताठ उभे राहिले की नळी आणखी आवळते, पुढे झुकले की सैल होते. गादीच्या दुखण्यात बहुधा उलटे होते. बसून आणि वाकून दुखणे वाढते, चालून कमी होते. सगळा घोळ इथेच होता. घर एक, दुखण्याचे नाव एक, पण एकीला जे मानवते ते दुसरीला बाधते. शेजारणीला सायकलने गुण आला म्हणून आपणही तीच घ्यावी, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

बारामतीतल्या एका दुकानात आम्ही अम्मींना घेऊनच गेलो. दुकानदाराने आधी ट्रेडमिल दाखवली. (हे यंत्र १८१८ साली इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट यांनी तुरुंगातल्या कैद्यांना कामाला लावण्यासाठी पुढे आणले होते. वर्गात सांगितले तर मुले खूश होतात.) धावताना पाऊल आदळते तेव्हा वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार अंगावर येतो; चालताना तो वजनापेक्षा थोडाच जास्त असतो. म्हणून ट्रेडमिलवर चालणाऱ्याला धक्का कमीच बसतो. पण पट्टा आपल्याला ओढतो, आपण त्याला नाही. तोल कच्चा असणाऱ्याला आणि पायघोळ कपड्याला तो धोकाच. वीज गेली की तीही बंद.

क्रॉस ट्रेनर बारामतीच्या कंबरेला आवडला. पाऊल पायपट्टीवरून सुटतच नाही, त्यामुळे आदळणे नाही, आणि शरीर उभेच राहते. पण पायपट्टीची फेक ठरलेली असते. उंची पाच फूट आणि फेक लांब, मग प्रत्येक पावलाला कंबर डावी-उजवी हलते. पाच मिनिटे चालवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, आणि दुकानदार एक मिनिटात उतरवायला बघतो. उतरायचे नाही. रोइंग मशीन आम्ही लांबूनच पाहिले. पुढे वाकून ओढायचे काम गादीवाल्यांनी सुरुवातीला टाळलेले बरे. बागेतल्या ओपन जिममधली कंबर गरगर फिरवायची चकतीही त्यातलीच, जरी सर्वांत जास्त रांग तिच्यापुढेच असते.

राहिल्या सायकली. साध्या उभ्या सायकलीवर पाठीला टेकू नसतो आणि हँडल लांब असेल तर कंबर गोल होते. हात मागे-पुढे होणारी जी सायकल सगळीकडे विकली जाते, तिच्यावर अम्मींना चढताच आले नाही. मग कोपऱ्यातली रिकम्बंट सायकल निघाली: खुर्चीसारखी रुंद बैठक, मागे टेकू, पॅडल समोर. अम्मी बसल्या, दोन फेरे मारले आणि म्हणाल्या, "ये अच्छा है, बैठे-बैठे चलने का."

घेताना आम्ही काय पाहिले ते सांगतो. पॅडल सर्वांत दूर असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो का; पूर्ण ताणला तर बैठक पुढे घ्यायची. पाठ टेकलेली राहते का. पाय उचलून न ओलांडता बसता येते का. लिहिलेली वजनाची मर्यादा आपल्या वजनापेक्षा पंधरा-वीस किलोने जास्त आहे का. जोर कमी-जास्त करायला चुंबक आहे की घासणारा पट्टा. चुंबकाचे आवाज कमी करते, म्हणजे घरातल्यांची झोप मोडत नाही. आणि इंदापूरला दुरुस्तीला कोण येणार, त्याचे नाव-नंबर पावतीवर आहे का. या शेवटच्या प्रश्नावर दुकानदार थोडा रागावला, पण त्याने नंबर लिहून दिला.

सायकल इंदापूरला गेली. बारामतीच्या घरात एकही यंत्र आले नाही. दोन रबरी पट्टे, एक जाड चटई, आणि उरलेल्या पैशांत फिजिओथेरपिस्टच्या चार फेऱ्या. त्यांनी चटईवर हात-गुडघे टेकून उलट बाजूचा हात-पाय लांब करायला शिकवले, आणि रुकूत कंबर गोल न करता खुब्यातून कसे झुकायचे तेही दाखवले. ज्यांना झुकणे जमतच नाही त्यांच्यासाठी शरीअतने खुर्चीची सवलत ठेवलेली आहेच. ती घ्यायला लाजणाऱ्या दोन-तीन खाला आमच्या ओळखीत आहेत.

अम्मींची सुरुवात तीन मिनिटांची होती, सकाळी आणि असरनंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असले तर मिनिटे कमी करायची. दुखणे पायात खाली उतरू लागले तर थांबायचे, एवढेच दोन नियम. आता त्या बारा मिनिटांवर आहेत, हातात तसबीह असते. बहिणीच्या घरापर्यंत अजून वाटेत एकदा, किराणा दुकानाच्या पायरीवर, बसावे लागते. पूर्वी तीनदा बसत. तरावीहच्या पहिल्या आठवड्यात बारामतीची कंबर आठ रकातपर्यंत उभी राहिली, पुढच्या बारा खुर्चीवर झाल्या. अम्मींची सायकल पहिल्यांदा आतल्या खोलीत होती. परवा त्यांनी ती दारासमोर ओढून घ्यायला लावली, गल्लीतून कोण जाते ते दिसावे म्हणून.