मृगाच्या आधीचे मैदान

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमागांची खडखड आठवते. ती आहेच. पण माघ-फाल्गुनात शहर मागे टाकून एखाद्या आगरी गावाच्या शिवारात शिरा. सुकलेल्या खाचरात दहापंधरा जण धुम्मसाने जमीन चोपताना दिसतील. कुणाचे घर बांधताहेत, असे वाटेल. घर नव्हे, क्रिकेटची खेळपट्टी!

मैदान म्हणजे कायमची जागा, अशी आपली शहरी समजूत. चेंबूरला १९२७ पासूनचा गोल्फ क्लब आहे. तिथली हिरवळ माळ्यांच्या हातांवर जगते. नाशिकात तर मैदानाला चिकटलेले ‘गोल्फ क्लब’ हे नाव इतके पक्के, की त्यावर रणजी सामने झाले तरी लोकांच्या तोंडून ते सुटले नाही. भिवंडीकडच्या खेड्यातले मैदान मात्र भातकापणीनंतर जन्मते आणि मृगाच्या आत नाहीसे होते. त्याला माळी नाही, वर्गणीदार सभासद नाहीत. आहे ते गाव.

आधी धसकटे खणून काढायची. मग बांध. चार खाचरे एक केल्याशिवाय चौकार मारायला जागा कुठली? बांध फोडायचा तो मालकाला विचारून, आणि पावसाआधी पुन्हा घालून देण्याच्या बोलीवर. भाताची जमीन वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या माती घालून बुजवायच्या, नाहीतर चेंडू तरी जाईल किंवा कुणाचा तरी पाय. यानंतर बावीस यार्डांचे खरे काम. पाणी मारायचे, चोपायचे, सिमेंट भरलेल्या पिंपाचा रूळ फिरवायचा. हे कसब क्रिकेटच्या पुस्तकातले नव्हे. झोडणीचे खळे ज्यांनी आयुष्यभर चोपून सारवले, ती म्हातारी माणसे बांधावर बसून पोरांच्या चुका काढतात. खळ्यावर दाणा मातीत जाता कामा नये, खेळपट्टीवर चेंडू, फरक तेवढाच.

यात कुणाचे तरी नुकसान असतेच. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर इकडे वाल होतो. खाचर मैदानाला दिले की त्या वर्षीचा वाल गेला. तरी माणसे देतात. शेजारच्या खाचरात मात्र वाल उभा असतो, आणि षटकार तिकडे गेला की ‘चेंडू वालान गेला!’ अशी आरोळी उठते. मग क्षेत्ररक्षकापेक्षा शेतकरीणच आधी धावते, चेंडूसाठी नव्हे!

सामने टेनिसच्या चेंडूचे, मोजक्या षटकांचे. मांडव पडतो, कर्णा लागतो. समालोचक फलंदाजाच्या धावा सांगता सांगता त्याच्या मामाचे गाव सांगतो आणि मधेच कुणाच्या तरी हळदीचे आमंत्रणही देऊन टाकतो. सोयरिकी जुळतात, जुने अबोले सुटतात; नवे भांडणही पंचाच्या एका बोटावर उभे राहते. चैत्री अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा भरते, तोवर ऊन इतके चढते की खेळ सकाळ-संध्याकाळवर येतो.

पण खाचरेच कमी होत चालली आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवणे व्यापाऱ्यांना परवडे, म्हणून माणकोली, पूर्णा, राहनाळ, वळ या भागात गोदामे उठली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात गेली. गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. नाशिकचा महामार्ग हाताशी, बंदर जवळ. त्यांनी का जावे? जमीन विकणाऱ्याला दोष देणे मला जमत नाही. वालाच्या दोन पायल्यांवर मुलीचे कॉलेज होत नाही. मात्र बांध फोडायला मालकाची परवानगी मागण्याचा प्रश्नच आता उरत नाही, कारण बांधही नाही आणि गावात राहणारा मालकही नाही.

मधल्या काळात पोरे भरावावर खेळतात, खांब उभे राहीपर्यंत. तिथे धसकटे नाहीत, भेगा नाहीत, कंत्राटदाराचा रूळ फिरून गेलेला असतो. इतके सपाट मैदान गावाला कधीच मिळाले नव्हते, असे पोरे म्हणतात. बांधावर बसणारे म्हातारे तिकडे जात नाहीत. बसायला बांध नाही.