संगमापलीकडे

उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एखाद्या वसाहतीतल्या बॅडमिंटन सभागृहात संध्याकाळी पाऊल टाकले, की आधी अंगाला भिडतो तो कोंडलेला उकाडा. बाहेर पारा दिवसभर पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळलेला, आणि आत खिडक्या मिटलेल्या, पंखेही बंद. कारण वाऱ्याची एवढीशी झुळूक आली तरी शटल आपली वाट सोडते. वसाहत वीज केंद्राची असो, कोळसा खाणीची असो किंवा बल्लारपूरच्या पेपर मिलची, पाळी संपवून आलेली माणसे त्या उकाड्यात निथळत खेळत असतात, आणि खेळतात ती बहुधा दुहेरीच. कोर्ट एक नाहीतर दोन, खेळणारे डझनभर. चौघे आत, बाकीचे रॅकेट मांडीवर घेऊन बाकावर. "सोड बे, बाहेर चाललं!" असा एक आवाज उठतो, लगेच "तुझं, तुझं!" असा दुसरा, आणि त्या दोन आवाजांच्या मधल्या क्षणात शटल दोघांच्याही मधोमध अलगद जमिनीवर टेकते. मग दोघे एकमेकांकडे बघतात. त्या बघण्यात राग असतो, क्षमाही असते.

इतकी माणसे आयुष्यभर दुहेरी खेळतात, पण रॅकेट हातात घेणाऱ्या मुलाला आपण जी स्वप्ने देतो ती एकेरीची असतात. असे का व्हावे, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो. या खेळाचा उगम पाहिला तर तो सोबतीचाच दिसतो. १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातून त्याचे नियम आकाराला आले, तेव्हा त्याला 'पूना' असेच म्हणत. आणि १८९९ साली लंडनमध्ये पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा झाली, तेव्हा तिच्यात पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच सामने होते. एकेरी आली ती पुढच्या वर्षी. महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेला जिचे नाव आहे, ती इंग्लंडची बेटी उबरही मुळात जोडीने खेळणारी. ऑल इंग्लंडची तेरा विजेतेपदे तिच्या नावावर आहेत, आणि त्यांतले एकेरीचे फक्त एक, १९३५चे. बाकीच्या बारा वेळा तिच्या शेजारी कुणीतरी उभे होते. सुरुवातीची काही वर्षे तर मिश्र दुहेरीत तिचा नवराच. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो.

बल्लारशाहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की सागाचे जंगल दोन्ही अंगांनी सरकू लागते, फलाटावर मराठीत तेलुगू मिसळत जाते, आणि मला त्या मार्गाच्या वरच्या टोकाला, वर्ध्याला, जन्मलेली ज्वाला गुट्टा आठवते. वडील तेलुगू, आई चीनची, आजोबांबरोबर गांधीविचाराच्या ओढीने सेवाग्रामला आलेली. ज्वालाचा जन्म ७ सप्टेंबर १९८३चा. ती वाढली, घडली हैदराबादेत, दहाव्या वर्षापासून एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली. तिला आपली म्हणावे एवढा हक्क वर्ध्याच्या मातीला आहे की नाही, हे मी ठरवत नाही. पण वर्धा ते हैदराबाद ही वाट आमच्या जंगलातून जाते, एवढे खरे.

ती डावखुरी. तिची कारकीर्द सांगू लागावे तर तिच्या एकटीची सांगताच येत नाही. आधी श्रुती कुरियन, तिच्यासोबत राष्ट्रीय विजेतेपदांची लागोपाठची वर्षे. मिश्र दुहेरीत व्ही. डिजू, ज्याच्यासह २००९च्या सुपर सिरीज मास्टर्सच्या अंतिम सामन्यापर्यंतची मजल. आणि मग अश्विनी पोनप्पा. अश्विनी उजव्या हाताची, तिचा स्मॅश जबरदस्त. १४ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण या दोघींनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच सभागृहात सायना नेहवालने एकेरीचे सुवर्ण जिंकले, आणि लोकांच्या मनात त्या दिवसाचे जे चित्र उरले ते बहुतेक सायनाचे. पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत ज्वाला आणि अश्विनीने कांस्य मिळवले; १९८३च्या प्रकाश पदुकोण यांच्या कांस्यानंतर या स्पर्धेतले भारताचे ते पहिलेच पदक. मधे अठ्ठावीस वर्षे गेली होती. २०१२च्या ऑलिंपिकमध्ये ज्वाला महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन्ही प्रकारांत उतरली. महिला दुहेरीत गटातले दोन सामने जिंकूनही गुणांच्या निसटत्या फरकाने जोडी बाहेर पडली. आणि २०१४ साली दिल्लीत भारताच्या मुलींनी कांस्य मिळवले तो चषक उबर चषकच होता. त्या संघातही या दोघी होत्या.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मनाला बोचत राहते. २०१३ साली देशात बॅडमिंटनची व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा महिला दुहेरीचा सामनाच तिच्यातून वगळला गेला आणि या दोघींची पायाभूत किंमत पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आणली गेली. जागतिक पदक मिळवलेल्या जोडीवर हा उघड अन्याय होता. ज्वाला तेव्हा मोठ्याने बोलली, आणि तिच्या बोलण्याचीच चर्चा खेळापेक्षा जास्त झाली.

दुहेरीत दोघांनी एकमेकांकडे न बघता एकमेकांना पाहायचे असते. एक पुढे जाळ्याकडे झेपावला की दुसऱ्याने मागची सगळी जमीन आपली मानायची. गडचिरोलीकडे आषाढात रोवणी चालते, तेव्हा चिखलात ओळीने वाकलेल्या बायका मान वर न करता, बरोबरीने मागे सरकत जातात, तसे काहीसे हे भान असावे. ते शिकवता येते की नाही, कोण जाणे. सोबत मात्र वर्षानुवर्षे करावी लागते.

चपराळ्याच्या जंगलाशी वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना भेटतात. वर्धा आलेली मुलताईकडून, वाटेत पैनगंगेला पोटात घेऊन; वैनगंगा सिवनीकडून, भंडाऱ्याच्या आणि गडचिरोलीच्या भातखाचरांना भिजवत. इतक्या लांबून आलेल्या या दोघी तिथे आपापली नावे ठेवून देतात आणि पुढे प्राणहिता वाहते. तिची लांबी अवघी ११३ किलोमीटर. सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते, पण गोदेच्या उपनद्यांत सर्वांत मोठे पाणलोट क्षेत्र तिचेच. पावसाळ्यात त्या गढूळ पाण्याकडे पाहताना यातले वर्धेचे कोणते आणि वैनगंगेचे कोणते, असा विचार मनात येतो आणि विरून जातो.

तेच पाणी पुढे तेलंगण ओलांडून आंध्रात समुद्राजवळ फाटे फोडते, आणि त्या त्रिभुज प्रदेशात अमलापुरम हे गाव आहे. सात्विकसाईराज रंकीरेड्डी तिथला. त्याचा जोडीदार चिराग शेट्टी आपल्या मुंबईचा. दोघेही उंच, दोघेही मागून जोरकस फटके मारणारे. अशा दोघांना एकत्र आणायचे मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी ठरवले, आणि जाळ्याजवळचे नाजूक काम चिरागने हळूहळू अंगी बाणवले. स्वतःची आवडती जागा जोडीदारासाठी सोडणे हे मला कुठल्याही फटक्यापेक्षा मोठे वाटते. २०२२च्या थॉमस चषकात, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेत, ते होते, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला त्यांनी आशियाई सुवर्ण जिंकले. त्याआधीचे पुरुष दुहेरीचे आशियाई पदक १९८२चे, लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांचे कांस्य. ज्या वर्षी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षीचे. हांगझोऊनंतर काही दिवसांतच सात्विक आणि चिराग जगात पहिल्या क्रमांकावर पोचले, आणि २०२३चा खेलरत्न पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला.

अश्विनी पुढेही खेळत राहिली. गोव्याचे मूळ असलेल्या तनीषा क्रास्टोसोबत ती २०२४ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये उतरली. ज्वाला हैदराबादेत मुलांना शिकवते. आमच्या वसाहतींच्या सभागृहांतूनही चार-दोन मुली सुट्टीत सकाळी लवकर येऊन सराव करताना दिसतात. त्यांतली एखादी तुमच्या घरची, ओळखीची असेल आणि तिने दुहेरी निवडली असेल, तर एकेरी का सोडलीस असे तिला विचारू नका. तिची जोडीदार कोण आहे ते विचारा, आणि सामना बघायला जाल तेव्हा त्या मुलीचेही नाव घेऊन टाळ्या वाजवा.