जुनाट

गेल्या मे महिन्यात माझ्या रक्तात पांढऱ्या पेशी १,३८,००० निघाल्या. एरवी त्या ४,००० ते ११,००० असतात. मी तपासणीला गेले होते ती थकव्यासाठी. शिवाय अर्ध्या भाकरीतच पोट भरायला लागलं होतं. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं आणि शिकाऊ डॉक्टरला कन्नडमध्ये म्हणाले, ‘गुल्म’ वाढलंय. गुल्म म्हणजे मराठीत झुडूप, नाहीतर वैद्यांच्या भाषेत पोटातला गोळा. कन्नडमध्ये मात्र ती सरळ प्लीहा. बेळगावची माझी आजी तिला पाणथरी म्हणायची. वीस वर्षं कन्नडमधून मराठीत अनुवाद करते आहे, पण हा शब्द कधी वाट्याला आला नव्हता.

मग अस्थिमज्जेची तपासणी, आठवडाभर वाट पाहणं आणि शेवटी नाव: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पुढं लगेच दिलासा, ‘तसा हा चांगला कॅन्सर आहे.’ या विशेषणाचा मला अजून राग येतो.

घरी येताना बसमध्ये मी ‘क्रॉनिक’वर अडकले. मराठीत आपण जुनाट म्हणतो. जुनाट खोकला, जुनाट संधिवात, जुनाट दार. कालच कळलेल्या आजाराला जुनाट कसं म्हणायचं? परिभाषाकोशात ‘चिरकारी’ आहे, पण ‘चिर’ म्हटलं की मराठी माणसाच्या कानात पुढं ‘निद्रा’ आपोआप वाजते. ‘दीर्घकालीन’ हा तर कर्जाचा शब्द. जयनगरच्या, कुठल्या कुठल्या पाट्या मागं जात होत्या आणि मी स्वतःच्या रोगाला विशेषण शोधत होते. सवय, दुसरं काय.

‘चांगला’मागं काय आहे ते नंतर वाचलं. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसलं. १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांनी जागांची अदलाबदल केलेली असते. दोन वेगळ्या वाक्यांचे अर्धे भाग एकमेकांना जोडावेत, व्याकरण शुद्ध राहावं आणि अर्थ भलताच निघावा, तसं. त्या जोडवाक्यातून तयार होणारं प्रथिन पेशींना ‘वाढा, वाढा’ असं सांगत राहतं, थांबतच नाही. कोल्हापूरच्या भाचीच्या दहावीच्या विज्ञानात प्रथिनं बनण्याच्या क्रियेला ‘भाषांतरण’ म्हटलेलं आहे. म्हणजे माझ्या शरीरात एक भाषांतर चुकीच्या मूळ संहितेवरून, पण अगदी इमानदारीनं चाललंय. (त्याच धड्यात ‘स्थानांतरण’ही आहे, पण ते वेगळं, गुणसूत्रांच्या तुकड्यांचं नव्हे.)

पूर्वी हा आजार काही वर्षं संथ चालायचा आणि मग एकदम उसळायचा. २००१मध्ये इमॅटिनिब आलं. ते नेमकं त्या प्रथिनालाच गप्प करतं. मूळ कंपनीची गोळी भारतात महिन्याला सुमारे एक लाख वीस हजारांना पडायची, इथल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांना. पेटंटचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयानं २००६मध्ये फेटाळला. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयानंही पेटंट नाकारलं. तो निकाल तेव्हा मी वर्तमानपत्रात वाचला असेल आणि पान उलटलं असेल. आज माझ्या जेवणाच्या टेबलावरची पट्टी त्या निकालाच्या जोरावर परवडते.

हे सगळं समजून घेणं सोपं होतं. आईला सांगणं अवघड. तिच्या कानात ‘ब्लड कॅन्सर’ म्हणजे १९७८चा ‘अँखियों के झरोखों से’. नायिकेला ल्युकेमिया होतो आणि ती जाते. बेळगावच्या थिएटरात तेव्हा अख्खी रांग रडत होती, असं ती अजून सांगते. औषध बदललं तरी शब्द तिथंच बसून राहिलाय.

सप्टेंबरात ती गणपतीला इकडं आली. येताना पपनस घेऊन आली, कारण पाच फळांत ते हवंच. इथं देवनहळ्ळीचा चकोता प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, पण तिचा विश्वास बेळगावच्या बाजारावर. आरती झाल्यावर तिनं गुलाबी फोडी सोलून बशी माझ्यापुढं केली. माझ्या डॉक्टरांनी ग्रेपफ्रूट बंद केलं होतं. ते आतड्यातल्या एका विकराला अडवतं आणि औषध रक्तात प्रमाणाबाहेर साचतं. पपनस त्याचंच पूर्वज, तेही नको.

‘मला नको, आई.’

‘प्रसादाला नको म्हणतात होय गं?’

‘गोळीबरोबर चालत नाही.’

‘कसली गोळी?’

मी घरच्या मराठीत सांगितलं. रक्तात पांढऱ्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात. रोज एक गोळी घेतली की आवरतात. गोळी बहुधा कायमची. काहींची पुढं बंद होते. तिनं बशी खाली ठेवली.

‘कॅन्सर ना?’

‘हो.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. फोडींवरचा पांढरा पापुद्रा नखानं काढत राहिली. ती एकोणीस वर्षं रक्तदाबाची गोळी घेते, सकाळी आठला, रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी.

‘उपाशीपोटी घेतेस का जेवून?’

‘जेवून. मोठा पेलाभर पाण्याबरोबर.’

‘पायात गोळे येतात?’

‘येतात. रात्री.’

‘मग मला उठवत जा,’ म्हणाली आणि बशी उचलून शेजारच्या मुलांना द्यायला गेली. परत आली ती डोळे धुऊनच.

दर तीन महिन्यांनी त्या बिघडलेल्या जनुकाचं प्रमाण मोजतात. तीन महिन्यांनंतर ते दहा टक्क्यांखाली यावं, वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आकडे तिला पटतात. देवघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी तिनं माझे आकडे लिहून ठेवलेत: ऑगस्ट ६.२, नोव्हेंबर १.१. फेब्रुवारीची चौकट अजून रिकामी आहे. अहवाल मंगळवारी येईल. ती सोमवारपासूनच फोन करेल.