वाळूच्या मधोमध

अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या मनात आधी वाळू आली. व्हाइट रिमला सायकलवर लागणाऱ्या चढउतारांची काळजी वाटली नाही. शेफर ट्रेलची वळणं ब्रेकवर एकेक बोट ठेवून आजही उतरता येतात, आणि मर्फी हॉगबॅकच्या चढावर सगळा भार मांड्यांवर असतो. वाळूत मात्र परीक्षा हातांचीच.

यूटामधल्या कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कात व्हाइट रिम हा सुमारे शंभर मैलांचा वळसा आहे. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी हा कच्चा रस्ता काढला, १९६४ मध्ये पार्क झालं. आम्ही कोलोरॅडोतली काही मराठी मंडळी तिथे मुक्काम करत करत सायकली चालवतो. वाटेत प्यायचं पाणी कुठेच नाही, म्हणून पिंपं आणि तंबू मागच्या गाडीत असतात. कँडलस्टिकचा मुक्काम मागे पडला की रस्ता ग्रीन नदीकडे उतरतो आणि पोटॅटो बॉटमच्या आसपास वाळू लागते.

वजन मागे, नजर लांब, पॅडल थांबवायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. माझा प्रश्न त्यापुढच्या क्षणाचा आहे. पुढचं चाक वाळूत शिरलं की ते आपल्या मर्जीने डावी-उजवीकडे फिरू लागतं. त्याला तसं फिरू द्यायचं आणि सायकल कमरेने वळवायची. पण चाक जरा जास्त सरकलं की मूठ आपोआप आवळते. मूठ आवळली की चाक रुततं. ती आवळण्याआधीचा पाव क्षण मी कित्येक वर्षं शोधतोय. कधी तो सापडतो आणि सायकल तरंगत पार होते. कधी तसाच हात, तसाच वेग असूनही ती जागीच थांबते. काल पाऊस पडला होता का, पुढून जीप गेली होती का, याचे हिशेब मी रात्री तंबूत पडल्या पडल्या करत असतो.

आता मूठ आवळली की अंगठ्यातून कळ येते, त्यामुळे हात पूर्वीपेक्षा हलका पडतो. पण वाळू संपताना खाली दगड लपलेला असतो, आणि तिथे झटकन पकड लागते. ती आता उरलेली नाही.

मला अभिमान होता तो पाय न टेकवण्याचा. वाळू पार झाली की मी मागे वळून बघायचो: टायरची रेघ सलग आहे ना, मध्ये बुटाचा ठसा नाही ना. बाकीच्यांनी ती पाहावी अशी इच्छाही असायची. आजही असते.

याच अभिमानापायी लोक रस्ता सोडतात. वाळूच्या दोन्ही काठांना काळपट, खडबडीत माती असते. ती टणक दिसते, म्हणून अडखळलेला स्वार तिकडे चाक घालतो. ती माती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियाचे चिकट तंतू वाळूचे कण बांधून धरतात, त्यावर शेवाळ आणि दगडफूल वाढतं, आणि ही खपली वाऱ्यापाण्यापासून जमीन राखते. एका चाकाने ती भुगा होते आणि भरून यायला दशकं लागतात. राजमाचीच्या वाटेवर उन्हाळ्यात उमटलेली पावलं एका पावसाळ्यात गवताखाली जातात. इथे वर्षाला जेमतेम नऊ-दहा इंच पाऊस पडतो. खपली गेली की तिथेही वाळू होते, पुढचा स्वार आणखी बाहेरून जातो आणि रस्ता रुंदावत राहतो.

हल्ली वळसा एका दिवसात संपवणाऱ्यांचं फार कौतुक होतं. त्यांच्या दमसासाला मी मान देतो, पण ही कला आहे असं मला वाटत नाही. वळशावरच्या फोर्ट बॉटमच्या पायवाटेवर सायकलला बंदी आहे. सायकल रस्त्याकडेला ठेवून चालत गेलं, तरच पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला दगडी बुरूज जवळून दिसतो. ज्याला खाली उतरायला वेळ नाही, त्याने हा मुलूख पाहिला असं मी मानत नाही.

गेल्या खेपेला मित्राची मुलगी पहिल्यांदाच आली होती. वाळू दिसताच ती उतरली आणि चाकोरीतून सायकल ढकलू लागली.

"अगं, बसून प्रयत्न तरी कर," मी म्हणालो.

"काका, जमेल तेव्हा बसेन. आज चालते."

तिच्या आवाजात खंत नव्हती. त्यानंतरच्या पट्ट्यात मीही उतरलो. मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. ढकलताना मागे जी रेघ उमटली, तिच्याकडे मी पाहिलं नाही.

तरीही माझं मत पक्कं झालं आहे. वाळूतून चालत जाणारा या कलेतलाच आहे, काठावरून सायकल काढणारा नाही, मग त्याने पाय टेकवला नसला तरी. तुम्ही कधी तिकडे गेलात आणि चाक रुतलं, तर उतरा, हवा तेवढा वेळ घ्या, पण सायकल मधोमध ढकला. काळ्या मातीवर चाक घालू नका.