पहिला सीझन, एकोणिसावा एपिसोड

"एकच एपिसोड बघू आणि झोपू" हे वाक्य शुक्रवारी रात्री आपण सगळेच स्वतःला ऐकवतो. मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मी खरोखर एकच बघितला. पण मग झोप काही आली नाही. पहाटे तीन वाजता हिंजवडीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून, आईला आत्ता फोन करावा की उजाडायची वाट बघावी याचा विचार करत होतो.

हॉस्पिटलच्या मालिका हा माझा जुना नाद. बुलढाण्याला लहानपणी घरी 'संजीवनी' लागायची, २००२ ची गोष्ट. मग २००७ ला 'दिल मिल गये' आलं. त्यातले डॉक्टर प्रेमात पडायचे, रुसायचे, नाचायचे, आणि उरलेल्या वेळात पेशंट बघायचे. पुढे शेगावला इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर 'हाऊस'चं व्यसन लागलं. लंगडा, तिरसट डॉक्टर, पेशंटवर काडीचा विश्वास नाही, फक्त लक्षणांवर विश्वास. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तो आपलाच माणूस वाटायचा. डिबगिंगच की ते! युजर काय सांगतो ते सोडा, लॉग काय म्हणतो ते बघा.

'ईआर' मात्र राहून गेली होती. १९९४ ला सुरू झालेली, १५ सीझन चाललेली. 'जुरासिक पार्क'वाल्या मायकेल क्रायटनने सुरू केलेली, आणि हा क्रायटन स्वतः हार्वर्डचा डॉक्टर. ऑफिसमधल्या एका मित्राच्या हार्ड डिस्कवर सगळे सीझन होते. रोज एक असं करत मी पहिल्या सीझनच्या एकोणिसाव्या एपिसोडला पोचलो. नाव 'लव्हज लेबर लॉस्ट'. अमेरिकेत तो पहिल्यांदा दाखवला ९ मार्च १९९५ ला. लिहिणारा लान्स जेंटाइल हाही पेशाने डॉक्टर, आणि या एपिसोडसाठी त्याला एमी मिळालं.

(ज्यांना बघायचाय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा. तीस वर्षं जुन्या एपिसोडला स्पॉयलर म्हणायचं का, हा वेगळा वाद.)

एक गरोदर बाई येते. दिवस भरत आलेले. त्रास तसा किरकोळ. डॉक्टर मार्क ग्रीन तिला तपासतो, लघवीच्या जागी इन्फेक्शन आहे म्हणून औषध लिहून देतो आणि घरी पाठवतो. नवरा-बायको हसतखेळत जातात. थोड्या वेळाने नवरा तिला परत घेऊन येतो तेव्हा तिला झटके येत असतात. इन्फेक्शन नव्हतंच ते. गरोदरपणात ब्लड प्रेशर वाढतं आणि हाताबाहेर गेलं की झटके येतात, तो प्रकार होता. आधीची पायरी प्री-एक्लॅम्पसिया, झटके आले की एक्लॅम्पसिया.

तिथून पुढे जे होतं ते बघवत नाही. बाळाचे खांदे अडकतात. बाळंतपणाची तज्ज्ञ डॉक्टर येतच नाही, ग्रीन फोनवर फोन करतोय. शेवटी तो स्वतःच पोट उघडतो. बाळ वाचतं. रक्त थांबत नाही. बाई जाते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्याला ग्रीन जाऊन सांगतो, ते आपल्याला काचेतून दिसतं, ऐकू येत नाही. आणि मग घरी जाताना ट्रेनमध्ये तो एकटाच रडतो. झालं, एपिसोड संपला. मालिकेतला सगळ्यात हुशार, सगळ्यात भला डॉक्टर. त्याने कंटाळा केला नाही, पैसे खाल्ले नाहीत, दारू पिऊन आला नव्हता. तरीही चुकला.

आता आईला फोन का करावासा वाटला ते सांगतो.

माझी एक मावशी होती, आईची मोठी बहीण. मी तिला बघितलेलं नाही. १९९१ साली पहिल्या बाळंतपणात ती गेली. आजोळ मेहकरच्या बाजूचं, एका खेड्यात. तिचा मुलगा वाचला, आजीने वाढवला, तोच माझा दादा. त्याचा वाढदिवस आमच्याकडे कधीच झाला नाही, कारण त्या तारखेला घरात दुसरंच काही असायचं. आणि ही गोष्ट घरात सांगितली जायची ती एका वाक्यात: "डॉक्टरनं मारली तिला." जवळच्या मोठ्या गावात त्या डॉक्टरांचा दवाखाना होता. सुट्टीत आजोळी असताना मला ताप आला तरी आजी त्या दवाखान्यावरून पुढे, दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्याकडे न्यायची. त्या पाटीकडे बघायचीसुद्धा नाही.

मी लहानपणापासून त्या डॉक्टरांचा चेहरा हिंदी सिनेमातल्या व्हिलनसारखा डोक्यात धरून होतो. त्या रात्री पहिल्यांदा मला तिथे मार्क ग्रीनचा चेहरा दिसला, आणि खरं सांगतो, रागच आला. त्या मालिकेचा राग. एवढ्या वर्षांची आमची सोय तिने मोडली होती.

पुढच्या शनिवारी मी घरी गेलो. आमच्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढून वर यायचं. लॅपटॉपवर एपिसोड होता. दुपारी आईला म्हटलं, "एक दाखवायचंय. पण वाईट आहे." तिने भांडी आवरली, चष्मा लावला आणि बसली. मी थांबवून थांबवून सांगत होतो. अर्ध्यात तिने विचारलं, "हा डॉक्टर चांगला होता का?"

"सगळ्यात चांगला."

"मग?"

"मग चुकला."

त्यावर ती काही बोलली नाही. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "ताईची जोडवी निघत नव्हती."

ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. आई तेव्हा सतरा वर्षांची, बारावीत. मावशी बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवटच्या आठवड्यात तिचे पाय इतके सुजले की जोडवी बोटात रुतली. कापून काढावी असं आई म्हणाली तर आजी ओरडली, सौभाग्याचं लेणं कापतात का! मग या दोघी बहिणी अंगणात साबणाचं पाणी घेऊन बसल्या. जोडवी काही निघेनात आणि दोघी हसत सुटल्या. "आम्ही हसत होतो रे," आई म्हणाली.

मग तिने क्रमाने सगळं सांगितलं, आणि मी सवयीने ते वहीत वेळेसकट लिहीत गेलो. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की नंतर मीटिंग होते, तिला आम्ही निगरगट्टपणे पोस्टमॉर्टेम म्हणतो. कोण चुकलं हे विचारायचं नाही, किती वाजता काय झालं आणि कुणाला काय दिसत होतं एवढंच लिहायचं, असा नियम. मावशीची यादी अशी झाली:

दोन दिवस डोकं दुखत होतं. संध्याकाळी सहाला दवाखाना. डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, अजून वेळ आहे म्हणाले, घरी पाठवलं. दंडाला पट्टा बांधला नाही; आई शेजारी उभी होती, तिला पक्कं आठवतंय. रात्री अकराला पहिला झटका. बाहेरचं काही लागलं असेल म्हणून अंगारा, लिंबू. त्यात तासभर. जीप मिळेपर्यंत आणखी दीड तास. दवाखान्यात झोपेचं इंजेक्शन. पहाटे दादा जन्मला. झटके थांबेनात, रक्तही. "औरंगाबादला न्या." सिंदखेडराजाच्या अलीकडे संपलं.

त्या संध्याकाळी ब्लड प्रेशर मोजायला हवं होतं, यात शंका नाही. लघवी तपासायला हवी होती. पायाला सूज पुष्कळ गरोदर बायकांना येते, नुसत्या सुजेवरून काही ठरत नाही. पण सूज, डोकेदुखी, शेवटचा महिना, एवढं समोर असताना पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात. ती चूक डॉक्टरांची, आणि ती मी खोडत नाही.

पण झोपेच्या इंजेक्शनचं मी नंतर वाचलं. झटक्यांवर तेव्हा बऱ्याच ठिकाणी डायझेपाम किंवा फेनिटॉइन देत. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एक साधं, स्वस्त मीठ, या दोन्हींपेक्षा सरस आहे हे भक्कमपणे दाखवणारा अनेक देशांतला मोठा अभ्यास छापून आला १९९५ साली, म्हणजे हा एपिसोड दाखवला त्याच वर्षी. त्यात भारतातल्याही बायका होत्या. पुढे २००२ च्या मॅगपाय चाचणीत सुमारे १०,००० बायकांवर दिसलं की प्री-एक्लॅम्पसियात हेच मीठ वेळेवर दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता तर नर्सताईनेही मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा अशी सरकारी सूचना आहे. १९९१ च्या त्या पहाटे आडगावच्या डॉक्टरांनी दिलं ते त्या काळातल्या अनेकांनी दिलं असतं.

आणि अंगाऱ्यातला तास आमचा होता. जीप नव्हती तो दीड तास कुणाचाच नव्हता. १०८ ची अँब्युलन्स महाराष्ट्रात आली २०१४ ला. सिंदखेडराजाजवळून समृद्धी महामार्ग सुरू झाला डिसेंबर २०२२ मध्ये. बुलढाण्याला मेडिकल कॉलेज झालं २०२४ ला. एका वाक्यात बसणारी गोष्ट वहीत दोन पानं झाली.

वही मिटली तेव्हा आई म्हणाली, "तो आला होता."

"कोण?"

"डॉक्टर. तेराव्याला. अंगणात उभा राह्यला. तुझ्या आजोबांनी तोंड फिरवलं. कोणी बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. बराच वेळ उभा होता, मग गेला. मी दारातून पाहत होती."

मी विचारलं, "तू कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? मला पाणी न्यावं वाटत होतं, हे?"

डॉक्टर जाऊन आता बरीच वर्षं झाली. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. आजोबा नाहीत. आजी आहे, पण तिला हे सांगायचं मी धाडस केलेलं नाही, करणारही नाही. तिने त्या रागाच्या आधाराने एक नातू वाढवलाय. तो आधार काढून घ्यायचा मला काय अधिकार?

दादाला मात्र सांगावंच लागलं, कारण वहिनींना आठवा महिना आहे. मी ब्लड प्रेशरचं मशीन मागवून चिखलीला त्याच्या पत्त्यावर पाठवलं तर त्याचा फोन, "काय रे, डॉक्टर झाला काय तू?" मग मी त्याला वहीतलं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "म्हणजे आईला दोन दिवस डोकं दुखत होतं." चौतीस वर्षांच्या माणसाला आपल्या आईबद्दल कळलेली ही एवढीच घरगुती गोष्ट. "हो," म्हटलं. "किती आकडा आला तर न्यायचं?" "१४० वर ९०. किंवा डोकं दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर आकडा न बघता."

आता आम्ही एक शेअर केलेली शीट ठेवलीये. दादा रोज आकडे भरतो, मी ऑफिसातून बघतो. परवा १२८ वर ८२ होता. उद्या कदाचित चांगलाच असेल, कदाचित नसेल. तपासणीच्या तारखा सरळ पाळल्या जातायत, डॉक्टरीणबाई दरवेळी पट्टा बांधतात, हे महत्त्वाचं.

आईला शीट उघडता येत नाही. ती रोज संध्याकाळी वहिनींना फोन करते आणि आकडा विचारतच नाही. विचारते, "जोडवी सैल आहेत ना गं?"

तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर एवढं बघा. बाकी 'ईआर'चा विसावा एपिसोड मी अजून लावलेला नाही. बघू, पुढच्या शुक्रवारी.