डिटर्जंटच्या कारखान्यातलं तेल

नवं सिंटिलेटर तयार झालं की भौतिकवाले आधी विचारतात, उजेड किती देतं? मी रसायनवाला. मी विचारतो, पेटतं कधी?

तसं हे मिश्रण साधंच. बेंझिनचं कडं असलेलं द्रावक, त्यात लिटरमागे दोन-तीन ग्रॅम पीपीओची पांढरी पूड आणि नावापुरतं बिस-एमएसबी. भारित कण त्यातून गेला की द्रावकाला मिळालेली ऊर्जा पीपीओ उचलतो आणि काही नॅनोसेकंदांत निळसर प्रकाश पडतो. पंचाईत द्रावकाची. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट सुमारे 4 अंश सेल्सिअस, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही त्याच्या वाफेला ठिणगी पुरते. स्यूडोक्युमीन बरं, पण तेही पन्नाशीच्या आतच. शिवाय जलचरांना घातक. इटलीतल्या ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेतून ऑगस्ट 2002 मध्ये त्यातलं जेमतेम 50 लिटर ओढ्यात गेलं, आणि तिथल्या बोरेक्सिनो या न्यूट्रिनो प्रयोगाचं काम दीर्घकाळ अडकलं. तरी स्यूडोक्युमीनला नावं ठेवणार नाही. पुढे त्याच बोरेक्सिनोने सूर्यातले सीएनओ न्यूट्रिनो पकडले ते याच द्रावकात.

वाट सापडली ती वेगळ्याच गरजेतून. कॅनडात सडबरीच्या खाणीत आधीच्या प्रयोगाचं अ‍ॅक्रिलिकचं गोल भांडं उभं होतं. स्यूडोक्युमीन अ‍ॅक्रिलिकला खातं. म्हणून त्याच भांड्यात पुढचा प्रयोग उभारणाऱ्या एसएनओ-प्लसवाल्यांनी निवडलं लिनिअर अल्किलबेंझिन, आमच्या तोंडी ‘लॅब’. धुण्याच्या पावडरीचा हा कच्चा माल आपल्या पाताळगंगेलाही बनतो. बेंझिनला दहा ते तेरा कार्बनची शेपटी असल्याने तो सहज उडत नाही आणि अ‍ॅक्रिलिकच्याही वाटेला जात नाही. फ्लॅश पॉइंट 130 अंशांच्या आसपास. माणूस आणि भांडं, दोघांची सोय एकाच शेपटीने केली.

ही गोष्ट नुसती वाचून पटत नाही. अ‍ॅक्रिलिकची पट्टी किंचित वाकवून, पकडीत कसून द्रवात बुडवायची आणि आठवड्यांनी काढून भिंगाखाली धरायची. जहाल द्रावकात वाकाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या चिरा दिसतात. लॅबमधली पट्टी पुसली की होती तशी. मग द्रवही तपासायचा, कारण पट्टीतून काही उतरलं तर तो पिवळसर पडतो.

कारखान्यातून आलेलं लॅब मात्र जसंच्या तसं चालत नाही. अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभातून गाळा, नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन हाकला (तो राहिला तर उजेड गिळतो), अशी मेहनत आहे. उजेड स्यूडोक्युमीनपेक्षा थोडा कमीच. पण दक्षिण चीनमधल्या जुनो या न्यूट्रिनो प्रयोगात 20,000 टन लॅब भरलं आहे आणि ऑगस्ट 2025 पासून तिथे मोजणी चालू आहे. इतकं स्यूडोक्युमीन जमिनीखाली साठवायला मी तरी सही केली नसती.

लॅब पेटतच नाही, असं नव्हे; सांडलं तर तेही आवरावंच लागतं. म्हणून नवं मिश्रण घेऊन येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असतं: उजेडाच्या आकड्याशेजारी फ्लॅश पॉइंट, पट्टीचा निकाल आणि सांडल्यास काय करायचं, हे लिहून आणा. मग बाटली उघडू.